अर्धं टिंब

मेल सर्व्हरच्या लेखी पत्र संपतं ते एका टिंबावर. आधीची ओळ संपल्याची खूण, मग ओळीत एकटं टिंब, मग पुन्हा तीच खूण. ही खूण दोन चिन्हांची, सीआर आणि एलएफ. टाइपरायटरचा कॅरेज मागे ओढायचा आणि कागद ओळभर सरकवायचा, त्याची आठवण. यातलं सीआर खाऊन नुसतं एलएफ पाठवणारे प्रोग्राम पैशाला पासरी. आम्ही मेल सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी ते वर्षानुवर्षं चालवून घेतलं. पाठवताना काटेकोर, घेताना उदार, हे जॉन पोस्टेलने १९८० सालीच लिहून ठेवलेलं. क्यूमेल हा मेल सर्व्हर तेवढा नुसत्या एलएफला पहिल्यापासून नकार द्यायचा. आम्ही त्याला खडूस म्हणायचो.

डिसेंबर २०२३ मध्ये 'एसएमटीपी स्मगलिंग' नावाची चलाखी बाहेर आली आणि खडूसपणाचा अर्थ कळला. पत्राच्या पोटात एक अर्धं टिंब, म्हणजे सीआर गाळलेलं, दडवायचं. पाठवणारा सर्व्हर त्याला मजकूर समजून पुढे ढकलतो. घेणाऱ्या उदार सर्व्हरला वाटतं, पत्र संपलं. पुढचा मजकूर तो हुकूम म्हणून वाचतो आणि भलत्याच्याच नावाने दुसरं पत्र तयार होतं. आलंय खऱ्या सर्व्हरकडून, म्हणजे पाठवणारा सर्व्हर अधिकृत आहे का हे पाहणाऱ्या एसपीएफच्या तपासणीतही पास!

मी चालवतो त्या पोस्टफिक्स सर्व्हरने लगेच नुसत्या एलएफवर बंदीची सेटिंग दिली. मी ती लावली आणि निवांत झोपलो. जानेवारी, गाळप ऐन भरात. सकाळी सातला फोन.

"साहेब, काट्याचा मेल आला नाही."

"कसला काटा?"

"वजनकाटा हो! उसाचा."

एका साखर कारखान्याच्या काट्यावरचा जुना पीसी रोज रात्री टनांचा हिशेब मेलने पाठवायचा. लॉगमध्ये तक्रार एकच, बेअर एलएफ, म्हणजे नुसतं एलएफ. स्क्रिप्ट लिहिणारा केव्हाच सोडून गेलेला, आणि हंगामात तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती. माझीही नव्हती. नशीब, आयपी ठरलेला होता. अपवादांच्या यादीत तेवढा एक लिहिला.

त्याच महिन्यात पोस्टफिक्सची मवाळ सेटिंग आली: ओळी कशाही संपवा, पत्र मात्र पुऱ्या टिंबानेच संपलं पाहिजे. मला हेच पटतं. अक्षर वाकडं असलं तर वाचून घेऊ, सही कुठे संपते यावर घासाघीस नको. म्हटलं, आता अपवाद काढू. काढला. रात्री काट्याचा मेल पुन्हा अडकला. त्या पीसीचं टिंबही अर्धंच निघालं.

ओळ परत घातली. शेजारी कॉमेंट: 'हंगाम संपला की काढणे.' त्यानंतर दोन हंगाम होऊन गेले.