सहीची किल्ली आणि ब्राउझरचे दार

१/
२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. तरीही सिरोंच्याहून जिल्ह्याचे ठिकाण दोनशे किलोमीटरच्या आसपास राहिले, आणि पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट तुटत असे. मोहोरबंद लिफाफा मुदतीत निविदापेटीत पोहोचवणे, हीच येथील लहान कंत्राटदाराची पहिली परीक्षा होती.

२/
ई-निविदेने ही पायपीट संपवण्याचे आश्वासन दिले. २०१४ च्या अखेरीस राज्याने ३ लाखांवरील कामांसाठी ती सक्तीची केली. डिजिटल सहीला २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने मान्यता मिळालीच होती. मात्र सहीची गुप्त किल्ली यूएसबी टोकनमध्ये असते आणि त्याबाहेर कधीच येत नाही.

३/
संकेतस्थळाने वापरकर्त्याच्या यंत्रात हात घालू नये, हा ब्राउझरचा मूळ दंडक. मग टोकनपर्यंत पोहोचायचे कसे? त्यासाठी जावा ॲपलेट होते. नेटस्केपच्या काळात रुजलेल्या प्लग-इनच्या दारातून ते आत शिरे आणि सही करून घेई. महाटेंडर्सवरील सहीची भिस्तही जावावरच होती.

४/
त्याच दाराने घुसखोरही येत. म्हणून क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये ते बंद केले. दर भरलेले, कागद जोडलेले, पण सही उमटत नाही. सर्व्हरचे घड्याळ मात्र थांबत नाही. जुना ब्राउझर जपून ठेवणे हा तात्पुरता उपाय होता. परंतु ज्या यंत्रावर सही व्हायची, तेच त्यामुळे असुरक्षित राहत होते.

५/
दुसरी वाट २००१ पासून होती: जावा वेब स्टार्ट. दुवा ब्राउझरमध्ये, पण प्रोग्राम चाले बाहेर, स्वतःच्या खिडकीत. सप्टेंबर २०१८ च्या जावा ११ मधून ओरॅकलने तीही वगळली. उरली तिसरी. यंत्रावर एक छोटा प्रोग्राम कायम बसवायचा. वेबपान त्याला मजकुराचा ठसा देते, तो पिन विचारून टोकनकडून सही घेतो आणि परत करतो. किल्ली जागची हलत नाही.

६/
प्लग-इन गेले, गरज उरली. लिफाफ्याच्या काळात नदी आडवी येई. नंतर ब्राउझरची नवी आवृत्तीही येऊ लागली. शासननिर्णयाची तारीख दफ्तरात सापडते. सिरोंच्यातील संगणकावर सही विनासायास उमटू लागली, तो दिवस कोणत्याही दफ्तरात नोंदलेला नसतो. समान संधी मात्र त्याच दिवशी तेथे पोहोचते.