चिखलाचं वय

खाडीच्या गाळात पारा सापडला, शिसं सापडलं, अशा बातम्या आपण नेहमी वाचतो. त्या वाचताना मला एकच प्रश्न छळतो: हे तिथं आलं कधी? तारीख नसेल तर जबाबदार कोण हे ठरवता येत नाही, आणि खाडी सुधारतेय की बिघडतेय हेही कळत नाही. ही तारीख काढणं हे माझं काम. ते ज्याच्या आधारानं करतो, ते किरणोत्सारी शिसं, म्हणजे शिसे-२१०.

ते निसर्गातच तयार होतं. खडकामातीतल्या युरेनियमपासून कालांतरानं रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन वायू बनतो. रेडॉन जमिनीतून हवेत निसटतो, काही दिवसांत त्याचं शिसे-२१० होतं, पावसाबरोबर खाली येतं आणि गाळाच्या कणांना चिकटतं. वर नवा गाळ बसला की खालच्या थराचा पुरवठा तुटतो. मग दर २२ वर्षांनी ते निम्मं होत जातं. त्यामुळे साधारण शंभर-सव्वाशे वर्षांचा हिशेब लागतो. कारखानदारीनं आपल्या खाड्यांचं जे काही केलं, त्यातलं बहुतेक याच मुदतीतलं आहे.

गोल्डबर्ग यांनी १९६३ मध्ये ही पद्धत मांडली. ती तलावांच्या गाळाला लावून दाखवणाऱ्या १९७१ च्या शोधनिबंधात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले देवेंद्र लाल आणि कृष्णस्वामी होते, याचा मला फार अभिमान वाटतो.

ओहोटीला तिवरांच्या कडेनं चिखलात नळी उभी खुपसून 'कोअर' काढायचा. त्याच्या सेंटिमीटरभर जाडीच्या चकत्या पाडायच्या आणि प्रत्येकीची कड टाकून द्यायची, कारण नळीला घासून वरचा चिखल खाली ओढला गेलेला असतो. चकत्या वाळवून, कुटून, डब्यांत हवाबंद करून तीन आठवडे ठेवायच्या. गाळातल्या रेडियमपासून जागीच तयार झालेलं शिसे-२१० वेगळं मोजून वजा करावं लागतं, त्यासाठी हा थांबा. शिसे-२१० चे गॅमा किरण इतके दुबळे, की बरेचसे डब्यातला गाळच गिळतो. एकेक नमुना दिवस-दोन दिवस डिटेक्टरवर ठेवावा लागतो. बाहेरचे किरण अडवायला भोवती शिशाच्याच विटा रचतात, पण ताज्या शिशात शिसे-२१० असतंच! म्हणून आतल्या बाजूला जुनं शिसं लागतं. इटलीतल्या एका भूमिगत प्रयोगासाठी सार्डिनियाजवळ बुडालेल्या रोमन जहाजातलं दोन हजार वर्षांचं शिसं वापरलं आहे.

पडताळ्याला सीझियम-१३७ घेतो. हवेतल्या अणुचाचण्यांमुळे ते जगभर पडलं आणि १९६३ च्या सुमारास सर्वाधिक पडलं. मात्र खाऱ्या पाण्यात ते गाळाला घट्ट धरून राहत नाही, म्हणून निव्वळ त्याच्या भरवशावर मी वय सांगत नाही.

खेकड्यांनी उकरलेल्या किंवा ड्रेजरनं उपसलेल्या तळाचं वयही सांगत नाही. तिथं थरांचा क्रमच मोडलेला असतो. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, की भराव किंवा ड्रेजिंगला परवानगी देण्यापूर्वी तिथला निदान एक कोअर काढून घ्यावा. आणि तो नुसता शीतगृहात ठेवून देऊ नये, लगेच मोजावा. शिसे-२१० तिथंही निम्मं होतच राहतं.