सत्तावीस-चोवीस

जकार्ता, २४ ऑगस्ट २०१८. आशियाई क्रीडा स्पर्धेत महिला कबड्डीचा अंतिम सामना. इराण २७, भारत २४. आदल्याच दिवशी आपले पुरुषही उपांत्य फेरीत इराणकडून १८-२७ असे हरले होते. १९९० पासून पुरुषांच्या सोन्याला कोणी हात लावला नव्हता, आणि महिलांची कबड्डी २०१० साली आल्यापासून दोन्ही वेळा सोनं आपलंच होतं. त्यामुळे दोन दिवस नुसता शिमगा. मग बातमी आली, की इराणच्या मुलींना तयार करणारी बाई आपल्याच इथली आहे. शैलजा जैन. मूळच्या नागपूरच्या, संसार आणि नोकरी नाशिकला.

○

नागपूरच्या खेळाडू मुली म्हटलं की दिव्या देशमुख, मालविका बनसोड ही नावं लगेच तोंडावर येतात. यायलाच हवीत. शैलजाताईंचं नाव मात्र आठवून घ्यावं लागतं. एक तर त्या नाशिकच्या झाल्या. आणि दुसरं, जास्त खरं कारण: प्रशिक्षकाच्या नावापुढे आकडा नसतो. चढाईपटूचे गुण मोजतात, पकडी मोजतात. चढाईला कोणाला पाठवायचं हे बाकावरून सुचवणाऱ्याचं काय मोजणार?

○

त्या आधी स्वतः खेळल्या, मग शिकवायला लागल्या. राज्याच्या क्रीडा खात्यात मार्गदर्शक, नाशकात गुलालवाडी व्यायामशाळेत मुलींचा सराव. वर्षानुवर्षं तेच. भारतीय संघाची जबाबदारी मिळेल अशी आशा होती, ती काही मिळाली नाही. हे त्यांनी नंतर मोकळेपणाने सांगितलं. मग निवृत्ती. सरकारी हिशेबात माणूस तिथे संपतो. सत्कार, शाल, श्रीफळ, ग्रुप फोटो.

इराणचं बोलावणं आलं ते त्यानंतर. २०१७ साली त्या गेल्या.

○

साठीच्या आसपासची शाकाहारी बाई, परक्या मुलखात, डोक्याला रुमाल बांधून. भाषेचा पत्ता नाही. त्यांनी कामापुरती फारसी शिकून घेतली. सरावात योगासनं आणि प्राणायाम आणले. वर्तमानपत्रांना हा भाग फार आवडला, जणू भारतातून एखादी जादू नेली. पण कबड्डी खेळलेल्या माणसाला यात गूढ काही वाटणार नाही. तीस सेकंदांची चढाई, तीही तोंडाने कबड्डी कबड्डी म्हणत. श्वासावर ताबा नसेल तर मध्यरेषा गाठेपर्यंत पायांतलं बळ जातं. ज्या खेळाचा नियमच दमावर उभा आहे, त्यात दम कमवायला शिकवणं हे साधं शहाणपण.

○

‘कच्च्या पोरींना घडवून चमत्कार केला’ ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण खरी नाही. इराणच्या मुली कच्च्या कधीच नव्हत्या. २०१२ ला पाटण्यात विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्या आपल्याकडून १९-२५ ने हरल्या (आपल्या त्या संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या: सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ, अभिलाषा म्हात्रे). २०१४ ला इंचॉनला पुन्हा अंतिम सामना, पुन्हा हार, २१-३१. म्हणजे दारापर्यंत त्या आधीच आल्या होत्या. शैलजाताई गेल्यावरही लगेच काही बदललं नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धा इराणमध्येच, गोरगानला झाली. घरचं मैदान, आणि इराणच्या मुली अंतिम फेरीतही नाहीत. तिथे भारताने दक्षिण कोरियाला ४२-२० ने लोळवलं. जकार्ता त्यानंतर जेमतेम नऊ महिन्यांनी.

माझ्या मते त्यांचं खरं काम या नऊ महिन्यांत आहे. भारतीय मुली कशा खेळतात, कुठे घाई करतात, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. तशा मुली घडवण्यातच त्यांची हयात गेली होती. तीन गुणांचा फरक म्हणजे भरात आलेली एखादी चढाई. तेवढंच कमी पडत होतं इराणला.

○

जाता जाता. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे देशी खेळ करून दाखवले, त्यात कबड्डीही होती. त्याच ऑलिंपिकमध्ये जर्मनीने हँडबॉलचं सोनं जिंकलं. तेव्हा तो मोठ्या मैदानावर अकरा-अकरांचा खेळ होता. पुढे हँडबॉल सभागृहात गेला, सात-सातांचा झाला आणि १९७६ पासून ऑलिंपिकमध्ये मुलीही खेळू लागल्या. कबड्डीही सात-सातांचीच. ऑलिंपिकच्या दारात ती अजून उभी आहे. ती आत जायची असेल तर इराण, कोरिया, तैवान यांना आपल्याला हरवता आलंच पाहिजे. एकच देश जिंकतो त्या खेळाला कोण विचारणार? हे पाहता जकार्तात शैलजाताईंनी भारताचं नुकसान केलं असं मला वाटत नाही.

○

‘देशाविरुद्ध शिकवलं’ असं कुजबुजणाऱ्यांना एकच विचारायचं. क्रिकेटमध्ये परदेशी प्रशिक्षक आणले तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या होत्या ना? दुसऱ्याचा माणूस आपण आणला की ती व्यावसायिकता, आपला माणूस दुसऱ्याने नेला की फितुरी. आणि नेलेला माणूस आपण घरी बसवलेला होता, हे कोणी बोलत नाही.

○

आशियाई स्पर्धेत पदक खेळाडूंच्या गळ्यात पडतं. प्रशिक्षकाला पदक देण्याची पद्धतच नाही. त्यामुळे अधिकृत नोंदीत जकार्ताचं ते सोनं इराणचं आहे आणि नागपूरच्या खात्यावर काहीही नाही. पुढच्या स्पर्धेत, २०२३ मध्ये हांगझोला, भारताच्या मुलींनी सोनं परत आणलं, तेही तैवानविरुद्ध २६-२५ असं, एका गुणाने.