तिसरं भोक

खैरानी रोडवरच्या आमच्या चाळीत पाऊस लागला की फ्रिज उघडायला पायात चप्पल घालायची. हाताला झिणझिण्या यायच्या. "भिंत ओली झाली की येतंच," असं शेजारच्या काकू शांतपणे सांगायच्या. आगीची भीती मात्र सगळ्यांना आहे. १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे याच रस्त्यावर फरसाणाच्या गाळ्याला आग लागून १२ जण गेले. जरा जळका वास आला की अजूनही माणसं दाराबाहेर येतात. शॉकला वास नसतो.

भाची रांगायला लागली, तसं मला राहवेना. वायरमनला बोलावलं. होल्डरला दोन वायरी जोडलेला बल्ब घेऊन तो आला. फेज आणि न्यूट्रलला टोकं लावली, बल्ब लख्ख पेटला. न्यूट्रलचं टोक काढून वरच्या मोठ्या भोकात, अर्थिंगमध्ये घातलं, तर पेटेचना. बोर्ड उघडला. हिरवी वायर होती. ती माळ्यावरून मोरीत जाऊन नळाच्या पाइपाला गुंडाळलेली. पूर्वी पाइप लोखंडी होता. तो गंजल्यावर प्लॅस्टिकचा बसवला आणि अर्थिंग तिथेच संपलं.

"लोखंडी असता तरी चूकच, ताई," तो म्हणाला. "तुमच्या फ्रिजचा करंट दुसऱ्याच्या नळाला उतरला असता."

थ्री-पिनची अर्थिंगची पिन लांब असते, कारण प्लग घालताना ती आधी लागावी आणि काढताना शेवटी सुटावी. आमच्याकडे त्याच भोकात पेनाचं टोपण खुपसून झडप उघडतात आणि दोन पिनांचा चार्जर बसवतात. ते बघून माझा जीव कासावीस होतो.

मी आरसीसीबी बसवून घेतली. एमसीबी पडते ती ६ किंवा १६ अँपिअरच्या वर भार गेला की, वायर जळू नये म्हणून. माणूस त्याच्या कितीतरी कमी करंटने मरतो. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या गळतीलाच पडते. आमची सारखी पडायला लागली. "काढून टाक, डायरेक्ट कर," असा घरात धोशा सुरू झाला. मी ऐकलं नाही. एकेक प्लग काढून पाहिला, तेव्हा फ्रिजच्या कॉम्प्रेसरमधून गळती निघाली.

आता चाळीत सगळ्यांसाठी एकच अर्थिंग करायचं ठरतंय. कोळसा, मीठ आणि पत्रा घालून खड्डा भरायचा. वर्गणी जमली आहे. खड्डा कोणाच्या दारात, यावर मात्र बोलणी अडली आहेत. मी आमच्या उंबऱ्यापुढची जागा देऊ केली आहे.