मेथीची जुडी

आमच्या नगरच्या मंडळीतल्या एका मावशींचा तरुण मुलगा अपघातात गेला. घरभेटीला मी गेले ती पूर्ण तयारीनिशी. तेविसाव्या स्तोत्रात खूण घातलेली, प्रार्थनाही मनात जुळवलेली. वाचलं, प्रार्थना केली, चहा घेतला, अर्ध्या तासात उठले. दारापर्यंत आलेल्या मावशी हळूच म्हणाल्या, "सगळे येतात, वाचतात, जातात. त्याचं नाव मात्र कुणी घेत नाही गं."

ते बोलणं डोक्यातून जाईना. घरी येऊन लूकचा चोविसावा अध्याय काढला. अम्माऊसच्या वाटेवर दोघं शिष्य दुःखानं बोलत चाललेत आणि येशू त्यांना विचारतो, कोणत्या गोष्टी? वधस्तंभावर तोच होता! तरी तो त्यांना सगळं सांगू देतो. शास्त्राचा अर्थ उलगडतो तो त्यानंतर. हा अध्याय मी कितीदा वाचला असेल, पण त्याच्या त्या प्रश्नापाशी कधी थांबलेच नव्हते.

पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. मावशी ओट्याखाली बसून मेथी निवडत होत्या. मी अर्धी जुडी ओढून घेतली आणि त्याचं नाव घेऊन विचारलं, "मेथी आवडायची का त्याला?"

मावशींचा हात थांबला. मग बोलणं सुरू झालं. डब्यातली भाजी तो मित्राला द्यायचा इथपासून ते शवागाराबाहेरच्या बाकापर्यंत. मध्येच म्हणाल्या, "देवावर राग आहे माझा. चर्चमध्ये हे कुणाला सांगू?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. असं म्हणू नये, देवाची योजना असते वगैरे. मी पानं खुडत राहिले. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले होते, तोवर त्यांचं काही चुकलं नव्हतं. देवाचा कोप झाला तो त्यांच्या बोलण्यावर. बोनहोफर या जर्मन पाळकानंही 1939 साली छापलेल्या पुस्तकात लिहिलंय, मंडळीतली पहिली सेवा ऐकून घेण्याची. आमच्याकडे तिचा नंबर गाणं, उपदेश, वर्गणी या सगळ्यांनंतर लागतो, याचं मला फार वाईट वाटतं.

ऐकणं सोपं नव्हतं. पाय अवघडले, गप्प राहून घसा दुखू लागला. मेथी संपली, तशी मावशींनी देठं वर्तमानपत्रात गुंडाळली आणि म्हणाल्या, "आता वाच. तेविसावं नको. अठ्ठ्याऐंशीवं वाच."

त्या स्तोत्राच्या शेवटी सांत्वन नाही, अंधारच आहे. मी सावकाश वाचलं आणि त्या शेवटच्या ओळीपाशी पुस्तक मिटलं. पुढे काही जोडलं नाही. मावशी म्हणाल्या, "आमेन."