पाइप किती उंच?

विमानांचे सिग्नल पकडणारी अँटेना बसवून द्या म्हणणारा माणूस पहिल्यांदा पाइपची लांबीच विचारतो. धारवाडात तर हमखास. हुबळीपेक्षा आपण वर बसलोय, हे इथे कुणी विसरत नाही.

आकाशातलं विमान १०९० मेगाहर्ट्झवर आपलं स्थान सेकंदाला साधारण दोनदा सांगत असतं. ही लहर जेमतेम २७.५ सेंटिमीटरची, आणि जाते जवळजवळ सरळ. धारवाड आकाशवाणीची मध्यम लहर जमिनीला धरून जाते, म्हणून बेळगावात माजघरातल्या रेडिओवरही ती लागायची. इथे तसे लाड नाहीत. विमान आणि अँटेना यांनी एकमेकांना पाहिलंच पाहिजे.

हिशेब सोपा आहे. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा, ४.१२ने गुणा, क्षितिज किती किलोमीटरवर ते कळतं. ३५,००० फुटांवरच्या विमानाचं येतं सुमारे ४२५. नऊ मीटरवरच्या अँटेनेचं १२, सोळा मीटरवरच्या अँटेनेचं साडेसोळा. म्हणजे सात मीटर पाइप वाढवा, ताणाच्या तारा बांधा, शेजाऱ्यांची बोलणी खा, आणि पदरात चार किलोमीटर! पुण्यावरून इतक्या उंचीवर जाणारं विमान कागदावर तसंही दिसतं. मुंबईवरचं हवं असेल तर ऐंशीएक मीटरचा मनोरा लागेल.

मग उंची हवी कशाला? समोरच्या आंब्यासाठी. शंभर मीटरवरचं झाड अँटेनेच्या वर पावणेदोन मीटर निघालं, तर त्या बाजूचं एक अंश आकाश गेलं. लांबची विमानं नेमकी त्याच एका अंशात असतात. चारशेच्या पुढचा पल्ला तीनशेच्या आसपास येतो, पुणं गळतं. तिथे पाइप दोन मीटर वाढवला की सोनं. म्हणून मी आधी गच्चीवर जाऊन गोल फिरतो: पाण्याच्या टाक्या, नारळ, शेजारचं चढतं बांधकाम. पावसाळ्यात ओली पानं सिग्नल आणखी पितात, तेव्हा उन्हाळ्यातल्या विरळ झाडावर भरवसा ठेवायचा नाही.

उंचीबरोबर केबलही वाढते, हे गिऱ्हाइकाच्या लक्षात येत नाही. बारीक, स्वस्त केबल दहा मीटरांत निम्म्याहून अधिक ताकद गिळते. त्यापेक्षा रिसीव्हरच डब्यात घालून पाइपाशी बसवावा आणि खाली नेटवर्कची वायर आणावी. अर्थिंग मात्र आधी. एप्रिल-मेमधले वळीव इथे विजांसकटच येतात.

सगळं झाल्यावर एकजण हटकून विचारतो, गोव्यात दाबोळीला उतरणारं विमान धावपट्टीपर्यंत का दिसत नाही? ते साधारण पाच-सहा हजार फुटांखाली आलं की आपल्या क्षितिजाखाली बुडतं. त्यासाठी पाइप नको, वास्कोत एखादा नातेवाईक बघा.