रेघ आणि रस्ता

आकृतीने आम्हांला फसवले, असे आम्ही त्या सोमवारी दुपारपर्यंत म्हणत होतो. आता तसे म्हणवत नाही.

एका रुग्णालयाच्या संगणकव्यवस्थेची देखभाल आम्हां चौघांकडे होती. सारा कारभार ॲमेझॉनच्या क्लाउडवर. क्लाउड हा शब्द कितीही तरल वाटला, तरी आत शिरल्यावर दिसतो तो जुना वाडा: गरजेनुसार वाढवलेल्या खोल्या, बुजवलेली दारे, आणि कोणी कधी घातले हे कोणालाच न आठवणारे अडसर. तेथल्या स्वतंत्र आवाराला व्हीपीसी म्हणतात. आमची तीन आवारे होती: एक तपासणी-प्रयोगशाळेचे, एक वॉर्डांचे, आणि दोहोंच्या मध्ये एक सामाईक. नुसत्या याद्या वाचून या वाड्याचा अंदाज येईना, म्हणून आम्ही कार्टोग्राफी नावाचे साधन बसवले. लिफ्ट कंपनीने २०१९ मध्ये ते सर्वांसाठी खुले केले. ते क्लाउडमधल्या वस्तूंच्या नोंदी गोळा करून निओफोरजे या डेटाबेसमध्ये ठेवते. प्रत्येक वस्तू हा एक बिंदू आणि प्रत्येक संबंध ही एक रेघ. मग या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंतची वाट दाखव, असे त्याला विचारता येते.

पहिल्या संध्याकाळी आम्ही जेवण विसरून ती आकृती पाहत बसलो होतो. बिंदू ओढावा तसे त्याचे सगळे गोत मागे सरकत येई. विस्मरणात गेलेली यंत्रे सापडली, जगाला उघडे राहिलेले एक दारही सापडले. त्या साधनाचे हे ऋण मान्य करूनच पुढचे सांगितले पाहिजे.

सामाईक आवारात एक लहानसे यंत्र होते. आकृतीत ते एका रेघेने कडेला लोंबकळत असे. प्रयोगशाळेकडून आलेला अहवाल स्वतःच्या हातात घ्यायचा आणि नव्याने वॉर्डांच्या यंत्राकडे धाडायचा, एवढेच त्याचे काम. प्रयोगशाळा आणि सामाईक आवार यांच्यात पिअरिंगची रेघ होती. सामाईक आणि वॉर्ड यांच्यातही होती. वाट विचारली की आकृती दोन्ही रेघा जोडून दाखवी. मग हा मधला दलाल कशाला? शनिवारी रात्री आम्ही ते यंत्र बंद केले, राउट टेबलमध्ये ओळी घातल्या आणि अहवाल थेट वॉर्डांच्या पत्त्यावर धाडायची व्यवस्था केली. चाचणी केली नाही, हेही येथेच सांगून टाकतो. आकृती समोर होती ना!

रविवारी तपासण्या थोड्या, कोणाच्या लक्षात आले नाही. सोमवारी सकाळी अहवाल तुंबले. वॉर्डबॉय कागद घेऊन जिने चढू-उतरू लागले. पोटॅशियमच्या आकड्यासाठी खोळंबलेल्या एका डॉक्टरांचा फोन आला. त्या आवाजातला संयम आम्हांला अजून आठवतो.

आम्ही आकृती उघडली. वाट जशीच्या तशी होती, आणि तिच्या शेवटच्या टोकाला, वॉर्डांच्या यंत्राच्या दाराशी, एक सिक्युरिटी ग्रुप होता. त्यातला एक नियम आमच्यातल्या सर्वांत तरुण सहकाऱ्याने आदल्याच संध्याकाळी बदलला होता. आणखी काय हवे? त्याला नियम पूर्ववत करायला लावला. काही झाले नाही. पुन्हा करायला लावला. चार तास आम्ही त्याला, आवाज न चढवता, अपराधी ठरवत होतो. आवाज न चढवण्याचे तेव्हा आम्हांला कौतुकही वाटत होते.

शेवटी तोच म्हणाला, "फ्लो लॉग पाहूया का?" फ्लो लॉग म्हणजे यंत्राच्या दाराशी येणाऱ्या-जाणाऱ्याची वही. दारावर कोणाला अडवले तर तीही नोंद तिच्यात होते. प्रयोगशाळेच्या वहीत संदेश बाहेर पडल्याच्या ओळी होत्या. वॉर्डांच्या वहीत अडवल्याची एकही ओळ नव्हती, आणि आत घेतल्याचीही नव्हती. त्याच्या नियमाने कोणाला अडवलेच नव्हते, कारण त्याच्या दारापर्यंत कोणी आलेच नव्हते.

पिअरिंगचा संबंध पुढे चालत नाही. अ आणि ब जोडलेले, ब आणि क जोडलेले, म्हणून अ-कडून क-कडे ब-मधून जाता येत नाही. ॲमेझॉनने हे स्वच्छ लिहून ठेवले आहे आणि आम्ही ते वाचलेलेही होते. दोन घरांशी आपली सोयरीक असली म्हणून त्या दोन घरांची आपसांत सोयरीक होत नाही, हे आपल्याकडे पोरासोरांनाही कळते. पण रेघ दिसली की डोळा तिच्यावरून चालू लागतो. ऑयलरने कोनिग्सबर्गच्या सात पुलांचे कोडे सोडवले तेव्हा बेटांचे आकार आणि पुलांची लांबी सोडून देऊन फक्त बिंदू आणि जोड उरवले. तेथे एका पुलावरून बेटावर उतरलेल्या माणसाला दुसऱ्या पुलावर चढण्यास मज्जाव नव्हता. आमच्या बेटावर होता. पूल वापरण्याचा हक्क फक्त बेटावरच्या रहिवाशाला. आणि ते लोंबकळणारे यंत्र तसा रहिवासी होते. आकृतीने खोटे काही सांगितले नव्हते. जोड आहेत एवढेच ती म्हणाली होती. परवानगी आम्ही गृहीत धरली.

यंत्र पुन्हा सुरू करून जुना पत्ता घातला. दहा मिनिटांत तुंबलेले अहवाल वाहू लागले.

त्या मुलाची आम्ही क्षमा मागितली. तो "ठीक आहे" म्हणाला आणि जेवायला गेला. चार वाजले होते. थेट तिसरे पिअरिंग करावे असे पुढे ठरले, पण दोन आवारांचे पत्ते एकमेकांवर चढत असल्याने ते होऊ शकले नाही. यंत्र अजून चालू आहे. त्याच मुलाने त्याला एक टॅग लावला, तो आता आकृतीतही दिसतो: बंद करण्यापूर्वी विचारावे. कोणाला विचारावे हे त्याने लिहिलेले नाही.